सरसाचा सांधा

माझा डबल बास, म्हणजे व्हायोलिनचा माणसाहून उंच थोरला भाऊ, बाबांच्या हातून बिघडला. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बाबा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे, आता रिटायर आहेत. मी आठवडाभर ऑफिस करते आणि रविवारी सकाळी भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगच्या रिकाम्या वर्गात आम्ही तिघं जॅझ वाजवतो. पियानोवाला तिथेच फिजिक्स शिकवतो. बास लोकांना फारसा ऐकू येत नाही, थांबला तरच कळतो. पण तो अंगाला टेकवून वाजवावा लागतो ना, तर खालची जाड तार छेडली की माझ्या कमरेच्या हाडात घुमायची. त्या एका सुखासाठी मी बोटांना फोड आणून घेतले.

आमच्याकडे मे महिन्यात लाकूड आक्रसतं. गेल्या वर्षी बासच्या खांद्यापाशी सांधा उघडला, चांगला वीतभर. तसं काही बिघडलं नव्हतं. हे वाद्य सरसानं, म्हणजे हाडा-कातड्याच्या जुन्या गोंदानं चिकटवतात आणि सरस मुद्दाम जरा कच्चा ठेवतात. ऊन तापलं की सांधा सुटतो, लाकूड वाचतं. पावसाळ्यात पुन्हा सरस लावायचा, झालं. पण घरात हे कोण सांगत बसतंय! मी ट्रेनिंगसाठी चार दिवस भोपाळला निघून गेले.

परत आले तर बाबा दारातच उभे. "बेटा, अंदर तो चल." सांधा बंद. फर्निचरचा पांढरा गोंद भरून, शिकंजे आवळून, वर पॉलिश पेपर मारून असा बसवला होता की नख जाईना. "आता लाकूड तुटेल, पण सांधा हलणार नाही," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला विचारलं होतं कुणी?" मी ओरडले, आणि सरसाचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. "कच्चा जोड, मुद्दाम? ऐसे कैसे? असा जोड आणला तर मी पोरांना नापास करायचो." मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

यंदाच्या मेमध्ये सांधा खरंच हलला नाही. समोरची फळीच वरपासून खालपर्यंत चिरली. मुंबईच्या कारागिरानं फोटो बघून सांगितलं, उघडायला गेलो तर तुकडे होतील. वाजतो अजून. पण खालच्या तारेला घरघर लागते आणि कमरेपर्यंत काहीच पोचत नाही. "आज खाँस रहा है तेरा बास," पियानोवाला म्हणाला. मी वर्गातच रडले.

त्या संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. चिरेवरून अंगठा फिरवत राहिले. मग विचारलं, "उन्हानं गेलं ना हे?"

नुसतं हो म्हणायचं होतं. उन्हानंच गेलं होतं, अर्धं तरी. पण माझी मेली जीभ कायम पुढे धावते.

"नाही. तुमच्या गोंदानं."

"अच्छा," म्हणाले आणि बाहेर गेले.

बासचं दुःख मी गिळलं असतं हो. पण परवा स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा पाय निखळला. मी तो नेहमीसारखा बाबांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी उलटा करूनसुद्धा बघितला नाही.

"सुताराला बोलाव बेटा," म्हणाले. "तो नीट करेल."