दाजींची पसंती

मटणाच्या रश्श्याला आयुष्यात एकदाही नाव न ठेवणारा पुरुष साऱ्या कोल्हापुरात मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. आमच्याकडे पोस्टमनपासून व्याह्यांपर्यंत प्रत्येकाला रश्श्याविषयी मत असते आणि ते वाटी रिकामी होण्याआधी ऐकवले जाते. दाजी मात्र पहिला घोट घेत, वाटी ताटाशी नेमक्या रेषेत ठेवत आणि म्हणत, "फस्क्लास." शिळी आमटी फस्क्लास, बुडाला लागलेल्या दुधाचा चहा फस्क्लास, मी नवखेपणी केलेले पिठल्याचे खिमटसुद्धा फस्क्लास. गल्लीतल्या बायका अक्काचा हेवा करत. असा नवरा एक तर संत असावा, नाही तर आजारी. आम्ही त्यांना संत ठरवले, कारण संताला औषधपाणी लागत नाही.

नव्वदच्या दशकात दाजी हवालदार होऊन फौजेतून मुदतीआधीच घरी आले. दूर बर्फाळ डोंगरात स्फोटाच्या धक्क्याने त्यांची गाडी उलटली होती आणि बराच वेळ त्यांना शुद्ध नव्हती. पण अंगावर साधा ओरखडा नाही हे पाहून अक्काने जोतिबाला गुलाल-खोबरे वाहिले आणि तो विषय मिटला. पुढे जे जे दिसले त्याला आम्ही 'मिलिटरीचा खाक्या' म्हणू लागलो. दाजी घरातही काळा चष्मा घालत. सत्यनारायणाच्या फोटोत ते आणि अक्का शेजारी बसले आहेत, आणि पूजा जणू एखाद्या गुप्तहेराच्या हस्ते चालली आहे. कानांत कापसाचे बोळे असत. गणपतीचे ढोल घुमू लागण्याआधीच ते पिशवी उचलून मलकापूरच्या एसटीत बसत आणि विसर्जनानंतर परतत. एकदा स्कूटर मंडईपाशी लावून ते चालत घरी आले, आणि ती चोरीला गेल्याची तक्रार अशा करड्या आवाजात नोंदवली की चौकीवरचा शिपाई तसाच धावला. स्कूटर होती तिथेच, कोथिंबिरीच्या जुड्यांआड उभी होती. शिपाई म्हणाला, "पावणं, चोर लई प्रामाणिक हाय की." सगळी मंडई हसली. दाजी हसले नाहीत. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून निजले आणि कित्येक दिवस तसेच राहिले.

हे निजणे पुढे वाढत गेले. त्या खोलीला न उघडलेल्या खिडकीचा आणि ओल्या चुन्याचा वास येई. अक्का उशाशी चहा ठेवी, त्यावर साय धरे, आणि तोच कप ती तशीच उचलून नेई. शेजारी म्हणत, "पेन्शन खातोय, झोपतोय, राजा मानूस." तिने डोळ्यांसाठी एक डॉक्टर पाहिला, कानांसाठी दुसरा, विसरभोळेपणासाठी वैद्याचा काढा आणि या निजण्यासाठी देव. प्रत्येक दुखण्यासाठी वेगळे दार ठोठावले. पण ती सारी एकाच पोटची भावंडे आहेत, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. एकदा भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. "मानूस परत आला म्हणून नवस फेडला गं," ती म्हणाली, "पर आलाय कोन, त्येच कळंना."

माझ्या लेकीचे जावळ माहेरी काढले, त्या दिवशी संतपदाला तडा गेला. आमच्या माहेरची रीत अशी, की पंगत बसण्याआधी रश्श्याची पहिली वाटी थोरल्या जावयाच्या हाती द्यायची आणि त्याची पसंती घ्यायची. आचाऱ्याने चूल पेटवताना हातावर रॉकेल सांडून घेतले होते, आणि त्याच हाताने वाटण कालवले होते. दाजींनी वाटी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. "फस्क्लास." पंगत बसली. पहिल्याच भुरक्याला एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी ताट दूर सारून शांतपणे विचारले, "ह्यो रस्सा हाय का स्टोव्ह?" हशा उसळला. जावईबापूंनी साऱ्या पंगतीची फिरकी घेतली, असे म्हणून पाहुणे त्यांच्यावरच खूश झाले आणि घाईने शिजवलेल्या पिठलं-भातावर समाधान मानून गेले.

दाजी मला परसात सापडले. रॉकेलचा डबा मांडीशी घेऊन बसले होते. आधी डबा हुंगत, मग स्वतःचा तळवा, मग पुन्हा डबा. वर न पाहता म्हणाले, "मला कशाचाच वास येत न्हाय. गाडी उलटल्यापासनं. तुझ्या अक्काच्या केसांचाबी न्हाय." मागे भांडी वाजत होती. मग हलकेच म्हणाले, "सकाळी उठायचं कशाला, त्येच कळत न्हाय. एक दिवस मी उठणारच न्हाय बघ."

ते वाक्य मी त्याच संध्याकाळी अक्काच्या कानी घातले, आणि तिने दाजींना हाताला धरून मेंदूच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवले. डोक्याला मार कधी लागला होता, हे त्या गृहस्थांनी प्रथमच विचारले. चष्मा, कापूस, स्कूटर, रॉकेल आणि भिंत त्यांनी एका दोऱ्यात ओवली. आत मेंदू हादरला तरी बाहेर ओरखडा दिसेलच असे नाही, ते म्हणाले. आणि अशा माणसाच्या मनावर पुष्कळदा हा काळोख उतरतो. औषधाने आणि सोबतीने तो विरळ होईल. वास मात्र आता बहुधा परतणार नाही. खुर्चीतच ताठ होऊन दाजींनी विचारले, "म्हंजी मी कामचुकार न्हाय?"

"नाही, हवालदारसाहेब," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जखमी आहात."

चमत्कार झाला नाही. काही महिने बरे जात. दाजी मंडईत जात, स्कूटरसह परतत. मी कधीमधी कविता लिहिते म्हणून मला अडवून म्हणत, "कवीबाई, ह्यो गूळ वासाला कसा हाय?" आणि मी उपमा शोधत राही. मग पुन्हा ती भिंत. औषधे बदलत, अक्काचे केस पांढरे होत.

एका उन्हाळ्यात, वर्षाच्या चटणीचा मसाला भाजायच्या दिवसांत, भिंतीने त्यांना फारच दिवस धरून ठेवले होते. अक्काने शेगडी त्यांच्या उंबऱ्यापाशीच मांडली. दार लोटलेले होते. ती भाजत गेली आणि दाराशी बोलत गेली. "धनं घातलं वो. लिंबाच्या सालीगत वास सुटलाय." आतून काही नाही. "आता तीळ. तेल घातल्याली बाळाची टाळू असती, तसा." काही नाही. तिने खोबरे घातले, आणि तिचा आवाजच दमला. उलथणे हातात तसेच राहिले. खोबरे बदामी झाले, तपकिरी झाले, कडांना काळे पडू लागले. मदतीला आलेली मी पुढे झाले, तर तिने मला हातानेच थांबवले.

मग दाराआडून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "खोबरं कशागत, ते सांगितलं न्हाईस."

त्या वर्षीची चटणी जरा करपटच झाली. घरात कुणीही तिला नाव ठेवले नाही.