वाट चुकलेली सवाष्ण

त्या वर्षी मी आमच्या देवाचा नैवेद्य बंद केला होता. रागानेच. माझी पत्नी सुनंदा हिच्या आतड्याला पीळ पडला, रक्त पोचेना, म्हणून डॉक्टरांनी लहान आतडं बहुतेक काढून टाकलं. उरलं ते हातभर. खाल्लेलं अंगी लागेना. छातीतल्या शिरेत बसवलेल्या नळीतून पिशवीतलं पोषण थेंब थेंब जाई, त्यावर ती जगत होती. तोंडाने दोन-चार घास, तेही जपून. हिला ताट नाही तर तुलाही नाही, असं मी देव्हाऱ्यापुढे उभं राहून म्हटलं होतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. शाळा तालुक्याची, नोकरी भोपाळच्या सरकारी कारखान्यात, क्वार्टर कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत. शिक्षणाने आमचं इतकं भलं केलं होतं की विज्ञानावर माझा भाबडा म्हणावा असा विश्वास. रुग्णाच्याच पेशींपासून नवं आतडं वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत असं वाचलं आणि मी कात्रणांची फाइलच केली. "पुढच्या वर्षी होईल," असं सुनंदाला सांगत राहिलो. डॉक्टरांनी ती फाइल शांतपणे चाळली. म्हणाले, "भैया, अभी चूहों में छोटे-छोटे टुकड़े बन रहे हैं. इन्सान तक आने में वक़्त लगेगा." हे मी तिला सांगितलं नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे नागपूरकडची रीत; मुखवटे, सोळा भाज्या, आंबील, सवाष्णीला जेवण. मी मुखवटे पेटीतून काढलेच नाहीत. सुनंदा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुपारी दार वाजलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, घामाघूम झालेली एक अनोळखी बाई.

"महालक्ष्म्यांचं जेवण इथंच आहे न? सकाळपासून पाण्यावर आहे जी मी. अन् तुमची ही क्वार्टरं, सारी एकसारखी!"

क्वार्टरचा नंबर बरोबर होता, सेक्टर चुकला होता. मी रस्ता सांगू लागलो तोच आतून आवाज आला, "अहो, आजच्या दिवशी सवाष्ण उपाशी परत पाठवणार? वरणभात तरी टाका."

मी स्वयंपाक केला. सुनंदा खाटेवर उठून बसली. पान वाढल्यावर बाईंनी विचारलं, "अन् तुम्ही, ताई?"

"मला डॉक्टरांनी देव करून ठेवलंय," सुनंदा म्हणाली. "ताट नुसतं बघायचं."

दोघीही हसल्या, आणि बाई म्हणाल्या, "भात गिचका झाला हो भाऊ, पण वाढा अजून." त्या पोटभर जेवल्या. सुनंदा त्यांचा घास न् घास पाहत होती. बाई निघाल्या तेव्हा सुनंदानेच त्यांची ओटी भरली.

त्या गेल्यावर म्हणाली, "पोट भरलं माझं." आणि थोड्या वेळाने, "ते नवं आतडं माझ्या हयातीत होणार नाही ना?"

मी "नाही" म्हणालो. मग आम्ही दोघंही रडलो, पहिल्यांदाच एकत्र.

हिवाळ्यात तिचं पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आतड्याचा काढलेला तुकडा पेशी वाढवण्याच्या संशोधनाला द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी अडखळलो. तिने कागद ओढून सही केली. "मला नाही तर नाही. पुढे कुणीतरी जेवेल." माघात नळीतून जंतुसंसर्ग झाला आणि ती गेली.

त्या बाई कोण होत्या, कुणाकडे जेवायला निघाल्या होत्या, मी कधी शोधलं नाही. मी देवाकडे तिचं आयुष्य मागत होतो. ते मिळालं नाही, आणि ते दुःख आजही तसंच आहे. मिळाली ती एक दुपार. त्या दुपारनंतर तिला माझ्या खोट्या आशेला मान डोलवावी लागली नाही, आणि शेवटचे महिने ती एकटी नव्हती. हे मागायचं मला सुचलंच नव्हतं.