खोडलेला पाच

रेशनच्या मोर्च्यासाठी अकोल्याच्या सिंधी कॅम्पातली रेशनकार्डं गोळा करताना आमचं जुनं कार्ड हाती आलं. त्यावर ‘पाच’ खोडून ‘चार’ लिहिलंय.

ते कार्ड काढलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. रेशन कचेरीत कारकुनानं विचारलं, “बाई, लेकरं किती?”

“पाच,” अम्मा म्हणाली. त्यानं लिहिलं.

मी हसले. “अम्मा, चुकलीस. आम्ही चौघंच.”

बाबांनी मान खाली घातली. “चारच लिहा. थोरली सिंधमध्येच राहिली, फाळणीत पळताना.”

आम्हाला थोरली बहीण होती, हे तेव्हा कळलं.

“खोडता काहून?” अम्मानं विचारलं.

“जे लेकरू इथं नाही, त्याले धान्य कसं देऊ, बाई?”

आज त्या कारकुनाला मी कचेरीतच धारेवर धरलं असतं. हरवलेल्या लेकरांसाठी रकाना का नाही, विचारलं असतं. पण त्या कार्डावरून बहिणीला आधी मीच काढलं होतं, तेही हसून.