लायसन्स मिळाल्यानंतरच्या काकू

काकू गाडीत बसल्या की आधी चपला काढत, त्या पायाशी जोडून ठेवत आणि सीटवर मांडी घालत. मग पट्टा. गाडी कोणाचीही असो, चालवणारा कालच पास झालेला असो, मांडी ठरलेली.

“पाय खाली सोडले की ते ब्रेक शोधतात,” त्या म्हणत. “या बाजूला ब्रेक नाही. मग काऊन शोधायचा?”

नवशिक्याच्या शेजारी बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. एक हात वरच्या कडीला, दुसरा डॅशबोर्डवर, उजवा पाय रिकाम्या जागेत दाबलेला आणि तोंडाने ‘अगं, अगं’. माझा नवरा या पंथातला. त्याने मला गाडी शिकवायचा प्रयत्न एका सकाळी सुरू केला. लग्न टिकवायचं असल्यामुळे आम्ही तो त्याच सकाळी थांबवला.

वारज्याहून हिंजवडीला जाणारी आमची कंपनीची बस बंद झाली म्हणून मी सेहेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूल लावलं, चाचणी दिली आणि पास झाले. सोसायटीत पेढे वाटले. नव्या चालकाने पास झाल्यावर काय काय करावं याची यादीही केली: विमा, पीयूसी, चाकातली हवा, स्टेपनी, मोबाइलवर कागदपत्रं. यादी करणं मला जमतं. गाडी चालवणं जमतं की नाही, हे अजून कोणी पाहिलं नव्हतं.

तळमजल्यावरच्या काकूंनी पेढा घेतला, यादी वाचली आणि विचारलं, “शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही ब्रेक होता ना?”

“हो.”

“क्लच?”

“तोही असावा.”

“मग पास कोण झालं, तुम्ही का मास्तर?”

मी पेढ्यांचा डबा बंद केला.

“यादी चांगली आहे,” काकू म्हणाल्या. “डिक्कीत ठेवा. उद्या सकाळी खाली या.”

काकू मूळच्या चंद्रपूरकडच्या. महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्यात नोकरीला म्हणून त्या इथे आल्या, मग मुलगा बंगळूरला गेला आणि त्या राहिल्या. सगळी सोसायटी त्यांना काकू म्हणायची. “मी कोणाची काकू नाही,” असं त्या म्हणायच्या. “मग मॅडम म्हणू का?” असं विचारलं की म्हणायच्या, “म्हणा काकू.” गाडी त्या नोकरीतच शिकल्या होत्या. सरकारी जीपचा ड्रायव्हर दौऱ्यावर प्यायचा. “तो मागे झोपायचा, मी चालवायची. पंचनामे वेळेवर व्हायचे.”

दुसऱ्या दिवशी त्या लाल एलचा नवा स्टिकर घेऊन उभ्या होत्या. आधीचा मी पास झाल्या संध्याकाळीच खरवडून काढला होता.

“काढला काऊन?”

“आता पास झाले ना.”

“तुम्ही झाल्या. हात अजून नाही झाले.” त्यांनी स्वतःच तो मागच्या काचेवर चिकटवला. “पुण्यातली माणसं थांबत नाहीत, पण एल पाहिला की शिव्या मनात देतात. तेवढं पुष्कळ झालं.”

फाटकाबाहेरच्या चढावर गाडी बंद पडली. मागे टेम्पो, त्यामागे दोन रिक्षा, सगळ्यांचे भोंगे. शिकवणीच्या गाडीत हा चढ मी रोज चढत होते. म्हणजे मास्तर चढत होता, हे त्या क्षणी कळलं.

“काकू, मागचे ओरडतायत.”

“ओरडू द्या ना. त्यांना तेवढंच काम आहे. तुम्हाला क्लच आहे.”

तिसऱ्या प्रयत्नात गाडी चढली. काकूंची मांडी तशीच होती.

पुढचे बरेच दिवस आम्ही सकाळी निघत होतो. लायसन्सच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं ते त्या सांगत, तेही एका वेळी एकच. डावा आरसा जास्त बघा. डावीकडून कोणी पुढे जात नाही असं पुस्तक म्हणतं, पण पुस्तक इथलं नाही. स्कूटरवाल्या बाईने हात दाखवला तर ती वळेल असं समजू नका, ओढणी सावरत असेल. नव्या गाडीत माणसं भरून देवदर्शनाला निघू नका. देव कुठे जात नाही. पहिला पाऊस पडला की रस्त्यावर तेल वर येतं, त्या दिवशी ब्रेकवर विश्वास कमी ठेवा. आणि भांडून गाडी काढू नका.

एकदा त्यांनी मध्येच विचारलं, “घरी वाजलं का आज?”

“नाही हो.”

“मग गिअर काऊन असा ओढून राहिल्या? बाजूला घ्या.”

गाडी बाजूला घेतली. भांडण गॅस सिलिंडरवरून झालं होतं. ते संपूर्ण ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “चूक तुमची आहे. चला आता.”

चांदणी चौकात तर मी सरळ चुकले. कोथरूडला उतरायचं ते वळण गेलं आणि आपण मुळशीच्या रस्त्याला लागलोय हे पाटी पाहून कळलं. “माझं चुकलं,” म्हणत मी गाडी कडेला घेतली आणि आरशात बघायला लागले. काकूंनी पहिल्यांदाच आवाज चढवला.

“मागे नाही घ्यायची! गेलं ते वळण. पुढे वळायला जागा असते.”

ती जागा फार पुढे निघाली. तिथल्या टपरीवर त्यांनी कांदाभजी खाल्ली. मी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं.

त्याच टपरीवर मी औपचारिकपणे म्हणाले, “काकू, सोसायटीत नवं लायसन्स आलं की तुम्ही असा वेळ देता. केवढी मदत आहे ही.”

“मग काय समाजसेवा करून राहिली का मी? मला ड्रायव्हर पाहिजे.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण, ताई, तळेगावच्या पुढे एका वृद्धाश्रमात होत्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आता सगळं विसरलेल्या. काकू दर रविवारी विहारातून आल्या की तिकडे जात, ताईंना गाडीत पुढे बसवून शेतांच्या बाजूने तासभर फिरवत आणि परत नेऊन सोडत. आठवडाभर ‘घरी चला, घरी चला’ म्हणून दारापाशी उभ्या राहणाऱ्या ताई तेवढा तास शांत असत.

“तिला मी कोण हे धड आठवत नाही. गाडीत बसायचं आठवतं.”

आणि काकूंना काचबिंदू झाला होता.

“डॉक्टर म्हणतात समोरचं दिसत राहील, बाजूचं जाईल. पुण्यात समोरून कोण येतं? सगळे बाजूनंच येतात.”

“कॅब?” मी विचारलं.

“कॅबवाला विचारतो, ड्रॉप कुठं? ड्रॉप कुठंच नाही ना, बाप्पा. फिरवून तिथंच आणायचं.”

भाड्याचे दोन ड्रायव्हर त्यांनी आणून पाहिले होते. एकाने गाडी अशी पळवली की ताईंनी डोळे मिटून घेतले. दुसरा पूर्ण तास फोनवर होता. म्हणून मग सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरचा संगणकवाला मुलगा एका हाताने चालवायचा, बाद. निवृत्त बँकवाले काका भोंगा वाजवणाऱ्या प्रत्येकाशी काच खाली करून वाद घालायचे, बाद. डॉक्टरांच्या मिसेस कबुतरासाठीही करकचून थांबायच्या. “ताईची मान नाजूक आहे,” काकू म्हणाल्या.

“आणि मी?”

“तुमचं पाहून राहिली ना अजून.”

खरं सांगते, मी दुसऱ्या दिवसापासून क्लच फार जपून सोडायला लागले.

निकाल असा काही लागला नाही. एका शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला.

“वारज्याच्या पुलाखाली या. माझी गाडी न्यायची आहे.”

“काय झालं? लागलं का?”

“काही नाही. मी उतरले.”

मी रिक्षाने गेले. काकू गाडीपासून चार हातांवर, सावलीत, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. डावीकडचा आरसा मोडून लोंबत होता. एका कॉलेजच्या मुलीची स्कूटर घासली गेली होती. मुलीला काही झालं नव्हतं. उलट तीच काकूंना पाणी पाजून गेली होती.

“एवढी मोठी मुलगी,” काकू म्हणाल्या, “पिवळा ड्रेस. दिसली नाही.”

किल्ली त्यांनी आधीच मुठीतून काढून पुढे केली होती. मी गाडी चालू केली. काकू शेजारी बसल्या, चपला पायांतच होत्या. आरसा नसल्यामुळे डावीकडचं मी मान वळवून बघत होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “उद्या रविवार आहे.”

“माहीत आहे.”

“ताईला हळू आवडते.”

“मला तसंच येतं.”

“म्हणून तर,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी चौकात तुम्ही चुकल्या तेव्हा ‘माझं चुकलं’ म्हणाल्या. बाकीचे पाटीला शिव्या देतात.”

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना काकूंनी माझी ओळख करून दिली: “ह्या माझ्या ड्रायव्हर.” मी एका कंपनीत हिशेब विभागाची प्रमुख आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी फक्त लायसन्स आहे का एवढंच विचारलं.

ताई बारीकशा, पांढऱ्या पातळातल्या. पुढे ताई बसल्या, मागे काकू. मागे मांडी घालायला भरपूर जागा होती, पण काकू पाय खाली सोडून, दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढून बसल्या आणि तासभर बहिणीच्या कानाकडे बघत राहिल्या. परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, “ही बाई बरी चालवते.”

“लायसन्स आहे तिच्याकडे,” काकू म्हणाल्या.

असे बरेच रविवार गेले. पुढे पुढे काकूंना माझा चेहराही अर्धाच दिसायला लागला. तरी गिअर बदलताना थोडं जरी खडखडलं तरी मागून ‘हं’ ऐकू यायचं.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. घरी, दुपारी, जेवून आडव्या झाल्या होत्या तेव्हा. मुलगा आला, घर आवरलं, गाडी विकली. शेवटी म्हणाला, “मावशीकडे जायचं कसं काय ते बघावं लागेल.” रविवारी मी मोकळीच असते, असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं. माझी सगळ्यांत मोठी यादी रविवारची असते.

आता मी माझ्या गाडीने जाते. सुरुवातीला ताईंनी विचारलं, “माझी बहीण कुठं आहे?” मी खरं ते सांगितलं. त्या रडल्या, गाडी थांबवावी लागली. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं आणि त्या पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. हे दर आठवड्याला करण्यात काही अर्थ नाही, असं मी ठरवलं.

परवाच्या रविवारी इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि प्रश्न आलाच.

“माझी बहीण कुठं आहे?”

“मागे बसल्यात,” मी म्हणाले.

ताईंची मान मागे वळत नाही. त्या समोर रस्त्याकडेच बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तिला म्हणा, काच वर कर. धूळ येते.”

मागची काच वरच होती. मी माझ्याकडच्या बटणाने ती अर्धी खाली घेतली आणि परत वर केली, आवाज ऐकू येईल अशी.

“हां,” ताई म्हणाल्या.