धानाच्या बांधीत गोल्फ, आणि माझा एक टोला

निघालो होतो रामटेकला. पण तर्री-पोह्याच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, मौद्याच्या पुढे एका गावात शेतकरी गोल्फ खेळतात. झालं, गाडी भंडारा रोडला वळली. माझं असंच असतं, बारावीतही असाच वळलो होतो.

मौद्यापर्यंत रस्ता झकास. पुढे वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की खड्डे सुरू. पेट्रोल दोनशेचं पुरतं. जेवण सोबत न्या, गावात हॉटेल नाही.

धान कापलं की बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या होतात, तेच मैदान. रंगाचे रिकामे डबे जमिनीत पुरलेले, ती भोकं. भोवती हिरवळ नाही, शेणानं सारवलेलं खळं. चेंडू काय सुळकन जातो! खेळ चालवणाऱ्या वासुदेवभाऊंनी विचारलं, गोल्फ येतो का. मी म्हटलं, येतो. मॉलमध्ये एकदा प्लास्टिकच्या काठीनं खेळलो होतो, ते सांगायचं राहिलं.

मग कळलं, शेवटचा डबा शेवंताकाकूंच्या शेतापलीकडे आहे. काकूंना ओल आहे तोवर हरभरा पेरायचा होता. खेळणाऱ्यांना शेत खेळायला हवं होतं. दरसाल निकाल पाहुणा लावतो, कारण तो कोणाचाच नसतो. चेंडू शेत ओलांडून पडला तर खेळ, आणि बदल्यात खेळणारे पावसाळ्यात काकूंची रोवणी, म्हणजे धानाच्या रोपांची लावणी, करून देणार. आत पडला तर पेरणी. मागच्या साली शेत पडीक राहिलं, आणि रोवणी यांनी इतकी वाकडी केली की काकू अजून ऐकवतात.

ट्रॅक्टर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभाच होता.

मी काठी फिरवली. चेंडू जागच्या जागी. वासुदेवभाऊ घाईघाईनं म्हणाले, हवा मारली, हा टोला धरायचा नाही.

"मारू दे त्याले अजून," काकू म्हणाल्या. "जोरानं मार गा बाबू. मले भेव नाही."

दुसरा बसला. उडाला, पलीकडच्या धुऱ्यावर आपटला, थोडा थांबला, आणि गडगडत परत शेतात आला.

मी काकूंना विचारलं, चेंडू काढून आणू का?

"राहू दे. उगवला तं सांगीन तुले." आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

नंतर काकूंनी भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. बाकीच्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

नागपूरला आल्यावर खांदा आठवडाभर दुखला. इतकी गावं फिरलो, फोटो काढले, निघून आलो. माझ्यामुळे कुठे गवताची काडी हलली नाही. तिथे एक अख्खं शेत हिरवं झालंय. वासुदेवभाऊ माझा फोन उचलत नाहीत. काकू उचलतात. परवा म्हणाल्या, "हरभऱ्याचे घाटे भरून राहिले गा, खायले ये."

जाणार आहे. अडचण एकच: काकूंच्या शेताची वाट वासुदेवभाऊंच्या अंगणातून जाते.