वरच्या वस्तीचा दाखला

पिशोरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मोठ्या गावात मी ग्रामसेविका आहे. राहते चिकलठाण्याला, दोन बस बदलून रोज जाते-येते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथल्या बायकांनी मला ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं.

सकाळी वरच्या वस्तीतल्या पंधरा-वीस जणी आल्या. रिकामे हंडे टेबलासमोर ठेवून एकीनं विचारलं, "मॅडम, आज तरी पाणी येनार का नाय?"

"वर कळवलंय," मी नेहमीचं उत्तर दिलं.

कुणी भांडलं नाही. सगळ्या बाहेर गेल्या आणि दाराला कुलूप लागलं.

आत आम्ही दोघंच, मी आणि आमचे म्हातारे शिपाई. त्यांनी शांतपणे स्टूल ओढलं. "बसा. मागल्या साहेबालाबी कोंडलं होतं."

मी सरपंचांना फोन केला. ते लग्नाला गेले होते. म्हणाले, "पोलिसांना बोलवू नका, गावाची बदनामी होते." तालुक्याच्या कार्यालयातून उत्तर आलं, "घ्या सांभाळून." मग वीज गेली आणि पंखाही थांबला.

"पाण्याची टाकी खाली गावात का बांधली हो?" मी शिपायांना विचारलं.

"निजामाच्या टायमापासून गावचा कारभार ह्या चावडीपाशीच. टाकीबी हितंच बांधली. वस्ती मागून बसली, वर गायरानावर. पाणी चढ चढतंय व्हय? जागा ठरली तवा वस्तीतल्या कुणाला इचारलंच नाय."

हे मला नवीन नव्हतं. त्याच्या वर्षभर आधी मीच एका दाखल्यावर सही केली होती: गावातल्या प्रत्येक घरी नळाचं पाणी पोचतं. सरपंच म्हणाले होते, नळ तर बसवलेत ना? नळ बसवले होते, हे खरं. तालुक्याच्या बैठकीत आमच्या गावासाठी टाळ्या वाजल्या, तेव्हा मीही वाजवल्या होत्या.

दुपारी खिडकीशी एक मावशी आली. दाखल्याआधी वस्तीची पाहणी करायला गेले, तेव्हा मी तिच्याच घरी चहा घेतला होता. तिनं गजांतून पाण्याची बाटली आत दिली. "प्या. शेतातल्या हिरीचं हाय. तुमच्याशी काय वैर नाय आमचं."

बाटली मी न उघडताच टेबलावर ठेवली.

"मावशी, तुम्हाला टँकर मिळत नाही तो माझ्यामुळं. वस्तीवर पाणी येतं असं मी लिहून दिलंय."

तिनं खिडकीचे गज धरले. "तुमी आल्ता की वस्तीवर. नळ सोडून बघितला का?"

"नाही."

तिनं बाकीच्यांना हाक मारली. त्यानंतर जे ऐकलं, ते सगळं इथं लिहीत नाही. त्यातलं चुकीचं काहीच नव्हतं.

मी कोरा कागद ओढला. वरच्या वस्तीत पाणी पोचत नाही, आधीचा दाखला चुकीचा आहे, असं लिहिलं. शिक्का उचलला तसा शिपायांनी माझा हात धरला. "मॅडम, नोकरी जाईल." मी शिक्का मारला आणि कागद खिडकीतून मोठ्यानं वाचून दाखवला. मावशीच्या सुनेनं त्याचा फोटो काढून घेतला.

मला वाटलं, आता कुलूप उघडतील. मावशी म्हणाली, "वरचा साहेब येऊन ह्यो कागद घेऊ दे. मंग उघडू."

दिवस मावळताना तालुक्याचे अधिकारी आले, कागद घेतल्याची पोच दिली आणि मग बायकांनी कुलूप काढलं.

आठवड्याभरात टँकर सुरू झाला. मला खोटा दाखला दिल्याबद्दल नोटीस आली. दाखल्यावर सही माझ्या एकटीचीच होती. चौकशी अजून चालू आहे आणि ती संपेपर्यंत बदली होत नाही. सरपंच माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दुसऱ्या टाकीसाठी वर जागा नाही, असं ते दर ग्रामसभेत सांगतात. मी ते इतिवृत्तात लिहिते आणि खाली वस्तीवाल्यांचा विरोधही लिहिते.

मावशी परवा बसथांब्यावर भेटली. "सुटलात का मॅडम त्या चौकशीतून?"

"नाही अजून. तुमच्याकडं टँकर येतो ना?"

"दोन दिस झाले, आला नाय," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली.