सहलीसाठी घेतलेला टी-शर्ट

आमच्या घरात सहलीला जाणारी मी पहिली. त्याआधी घरातलं कोणी परळीबाहेर गेलं तर ते लग्नाला, मयताला, नाहीतर दवाखान्यात दाखवायला अंबाजोगाईला. आणि कुठेही जायचं असलं तरी माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पांढराच शर्ट घालायचे. इस्त्रीचा, आत खोचलेला, खिशाला पेन. पायात बूट. दादा राखेच्या विटांच्या कारखान्यावर कामाला आहेत. तिथे सकाळी अंगावर कुठलाही रंग असो, दुपारपर्यंत तो राखेचाच होतो. म्हणून तो शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलेला असे. पणजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा आमच्या माणसांनी स्वच्छ कपडे घालून चावडीवरून जाणंसुद्धा गावात काहींना खुपत होतं. तेव्हापासूनची घरातली रीत, की उंबऱ्याबाहेर पडायचं ते नीट कपड्यांत. लहानपणी मी याला दादांची हौस समजायचे.

पहिल्या वर्षी कॉलेजची सहल वेरूळला गेली. मी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावल्या. बसमध्ये चढले तर सगळ्या मुली ट्रॅक पँट आणि ढगळ टी-शर्टमध्ये. एकीच्या पायात तर बाथरूमच्या वाटाव्यात अशा चपला. ती म्हणाली, "अगं, तोंडी परीक्षेला तुझा नंबर कितवा?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला एक गोष्ट कळली. ज्यांना फिरायची सवय नसते तेच फिरायला नटून जातात.

ही कळलेली गोष्ट मी दादांवर वापरली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईदादांना महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. काही काम नसताना, कोणी आजारी नसताना त्यांना कुठेतरी नुसतं नेऊन बसवायचं होतं. दादा एकदा रुळले की दरवर्षी तिघं जाऊ, असं मनात होतं. त्यांच्यासाठी निळा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट आणली.

दादा ते कपडे उलटसुलट करून बघत राहिले. "ह्ये झोपायचं कापड हाय. ह्ये घालून गावाला जायचं व्हय?"

"आता सगळे असंच घालतात, दादा. शर्ट खोचून गेलं की लोक हसतात."

"हसू दे की. हसून हसून किती हसतील?"

आई म्हणाली, "घाला बरं. लेक शिकलेली हाय. आन तुमी नवरदेवावानी नटल्यावर मी काय मागं करवली म्हणून चालू?"

दादांनी घातले. पांढरा शर्ट त्यांनी प्रवासाच्या पिशवीत ठेवला होता, पण चुरगळेल म्हणून निघताना मी तो काढून परत पेटीत टाकला.

महाबळेश्वरला दुसऱ्या दिवशी दादा सवयीने लवकर उठून खाली गेले. हॉटेलपुढे हिरवळ होती, वेताच्या खुर्च्या होत्या. मी जिना उतरत होते तेव्हा ते एका खुर्चीत बसून डोंगराकडे बघत होते. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ हाफ पँटमध्ये, टेबलावर पाय टाकून मोबाइल बघत बसले होते. हॉटेलचा मॅनेजर आला आणि दादांपाशी थांबला.

"कोणत्या गाडीवर आहात? ड्रायव्हर लोकांची सोय मागं आहे. इथं गेस्ट बसतात."

दादा उठले, खुर्ची होती तशी सरळ केली आणि मागच्या बाजूला गेले.

मला हाक मारता आली असती. चारच पायऱ्या राहिल्या होत्या. पण काय बोलायचं ते मी मनात जुळवत राहिले आणि तोवर ते दिसेनासे झाले. मग मी मॅनेजरला जाऊन सांगितलं, "ते माझे वडील आहेत." तो खरंच ओशाळला. "सॉरी ताई, कपड्यांवरून वाटलं नाही." शेजारच्या गृहस्थांचे पाय अजून टेबलावरच होते.

मागे दादा दोन ड्रायव्हरांबरोबर चहा पीत उभे होते. "इकडचा चहा ब्येस हाय," म्हणाले. मग हळू आवाजात, "माझा शर्ट कुठं हाय गं?"

मी सांगितलं.

"बरं," म्हणाले.

त्यानंतरचे दोन दिवस दादा आमच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून, सगळ्या पिशव्या घेऊन चालले. मी पिशवी मागितली तर देत नव्हते. प्रत्येक ठिकाणी म्हणायचे, "तुमी दोघी उभ्या ऱ्हा, मी काढतो फोटो." परत आल्यावर शेजारच्या काकूंनी फोटो बघून विचारलं, "दादा गेलते का न्हाई?" आई म्हणाली, "गेलते की," आणि चहा टाकायला उठली.

यंदा मी पुन्हा विचारलं. म्हटलं, जाऊ, आणि तुम्ही पांढरा शर्टच घाला. दादा जेवत होते. त्यांनी घास संपवला.

"तुमी दोघी जा. शर्ट घातला तरी आता खुर्चीत बसायच्या आधी मी इकडंतिकडं बघणार. तसलं बसणं कशाला? राग न्हाई बाई तुझा."

राग असता तर मला काही बोलता आलं असतं. मी त्यांना भाकरी वाढली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.